साहेब घरी असतात

माझं औषधांचं दुकान त्यांच्या घराच्या बरोबर समोर आहे. मध्ये फक्त एक अरुंद रस्ता. त्यामुळे त्यांच्या दारात कोण आलं, कोण किती ताटकळलं आणि कोण तोंड पाडून परत गेलं, हे मला मान वर न करताही कळायचं. पुढे त्या दारात कुणी येईनासं झालं, तेही सगळ्यांत आधी मलाच कळलं.

आमदार होण्याआधी ते वीज कंपनीत वायरमन होते. सायकलला शिडी बांधलेली, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि कानाच्या वर पेन्सिल. गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला की कंपनीत कुणी तक्रार करत नसे, थेट त्यांना हाक मारत. ते जेवणावरून उठून यायचे, काम करायचे आणि "आता एकाच वेळी इस्त्री आणि गीझर लावू नका" असं बजावून परत जायचे. बोलणं एवढंच. लग्नासाठी मुलाखत द्यावी लागली असती तर हा माणूस बिनलग्नाचा राहिला असता, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हसत हसत म्हणायच्या.

या अबोल माणसाला राजकारणात आणलं ते एका अपघातानं. त्यांचा एक जोडीदार खांबावर काम करत असताना कंपनीतून कुणीतरी वीज चालू केली. जोडीदार जागच्या जागी गेला. कंपनीनं सांगितलं, चूक त्याचीच होती, खांबावर चढतोय हे त्यानं आधी कळवलंच नव्हतं. आमचे वायरमन त्या दिवशी त्याच खांबाखाली उभे होते. कळवलं होतं हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी जोडीदाराच्या बायकोला बरोबर घेतलं आणि कंपनीच्या फाटकासमोर जाऊन बसले. भाषण नाही, घोषणा नाही. कंपनीचे साहेब लोक विचारायला आले की ते एकच वाक्य म्हणायचे, "त्यानं कळवलं होतं." ऊन झालं, पाऊस झाला, हे हलले नाहीत. हळूहळू बाकीचे वायरमन येऊन बसले, मग त्यांच्या घरचे, मग अर्धं गाव. शेवटी कंपनीला चूक कबूल करावी लागली.

त्याच सुमारास निवडणूक आली. इथून सतत पडणाऱ्या एका पक्षाला उमेदवार मिळत नव्हता. त्यांची माणसं घरी आली.

"मला बोलता येत नाही हो," हे म्हणाले.

"तुम्ही नुसते उभे राहा. बोलायला आम्ही आहोत."

आणि हा नुसता उभा राहिलेला माणूस निवडून आला. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायला लागलो. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

घर साधंच होतं. पुढे एक खोली, मागे एक, त्यामागे स्वयंपाकघर आणि बाजूला छोटंसं अंगण. पुढच्या खोलीत आधी ते फावल्या वेळात पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे. ती खोली आता ऑफिस झाली. टेबल आलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, भिंतीला टेकून बाक आले. सकाळी दूधवाल्याच्या आधी माणसं हजर. कुणाची बदली, कुणाचं पेन्शन, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा जावई नांदवत नाही. साहेब ऐकायचे. त्यांना बोलता येत नसे, पण ऐकता फार चांगलं यायचं. समोरच्याला वाटायचं, जगात आपल्या नळाइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. लोक कामासाठी येत आणि काम झालं नाही तरी समाधानानं जात.

गर्दी वाढली तशी ती पुढच्या खोलीत मावेना. मधल्या खोलीत आली, तिथून अंगणात. वहिनींना कपडे वाळत घालायला जागा राहिली नाही. अंगणात अनोळखी पुरुष उभे, मग दोरीवर काय काय टाकायचं? त्या कपडे स्वयंपाकघरातच खिडकीला वाळवायच्या आणि चहा करायच्या. एक आधण उतरलं की दुसरं चढलेलं. मुलगी तेव्हा आठवीत होती. दार वाजलं की पळत जायची आणि मोठ्यांच्या सुरात सांगायची, "साहेब आंघोळीला गेलेत, बसा." तिचा तो आव बघून सगळे हसायचे. पुढे ती त्यांना घरातही साहेबच म्हणायला लागली. "साहेब, माझ्या वहीवर सही करा." ते करायचे.

आमदारकीबरोबर एक स्वीय सहायक आला होता. किडकिडीत, तल्लख, कायम साहेबांच्या अर्धं पाऊल मागे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं सावली. सावली सगळ्यांना ओळखायचा. समोरून कुणी येत असलं की साहेबांच्या कानात पुटपुटायचा, "यांच्या आईचं ऑपरेशन झालं मागच्या महिन्यात." साहेब पुढे होऊन विचारायचे, "आई कशा आहेत?" माणूस विरघळून जायचा.

त्यांच्या स्वतःच्या बायकोचंही त्याच काळात कानाचं ऑपरेशन झालं होतं. कानात घालायचे थेंब त्या माझ्याकडूनच न्यायच्या. दवाखान्यात त्यांच्याबरोबर त्यांची बहीण गेली होती. साहेब अधिवेशनाला होते.

दुसऱ्यांदा ते निवडून आले तेव्हा त्यांच्याच पक्षाचं सरकार आलं. साहेबांचं नाव मंत्र्यांच्या यादीत आहे अशी कुजबुज सुरू झाली. शपथविधीच्या दिवशी सकाळपासून घर भरलेलं. साहेब कडक इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसले, पुढ्यात फोन. फोन वाजायचा, सगळे श्वास रोखायचे, आणि कुणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल विचारत असायचं. सावली मध्येच फोन उचलून बघायचा, चालू आहे ना. दुपारी टीव्हीवर शपथविधी सुरू झाला. एकेक नाव वाचलं जायला लागलं तशी माणसं एकेक करून उठली आणि दारातल्या ढिगात आपापल्या चपला शोधायला लागली.  वहिनी ताट घेऊन आल्या तेव्हा खोलीत ते एकटेच होते.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या.

"नंतर."

"इस्त्री मोडेल म्हणून बसलाय का? आता मोडली तरी चालेल."

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते त्या टीव्हीकडेच बघत राहिले.

त्यानंतर आलं हॉस्पिटलचं प्रकरण. आमचं सरकारी हॉस्पिटल गावाच्या अगदी मध्यावर आहे. जुनं, कळकट, पण चालत जाता येतं. सरकारनं ठरवलं की ती जागा एका बड्या कंपनीला दुकानांची इमारत बांधायला द्यायची आणि हॉस्पिटल हमरस्त्याच्या पलीकडे, माळावर न्यायचं. सरकार साहेबांच्याच पक्षाचं. मत कुठं द्यायचं ते वरून ठरलेलं. बाकीच्यांप्रमाणे हात वर केला असता तर विषय संपला असता.

पण साहेब त्या दिवशी सभागृहात उभे राहिले. बोलण्याची परवानगी न घेताच बोलले, "बाळंतीण बाई रात्रीबेरात्री माळावर पोचणार कशी, एवढंच मला सांगा." अध्यक्षांनी खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. शेजारचा आमदार शर्ट धरून खाली ओढायला लागला. ते पुन्हा तेच म्हणाले, "पोचणार कशी?"  मतदान झालं आणि त्यांनी विरोधात मत दिलं. त्यांच्या पक्षातलं विरोधी मत त्यांचं एकट्याचंच. ठराव अर्थातच मंजूर झाला.

या सगळ्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर. दुपारी ते तिथल्या कँटीनमध्ये जेवायला गेले. टेबलाला चार खुर्च्या. रोज त्यांच्या टेबलावर जागेसाठी दाटी व्हायची. त्या दिवशी लोक ताट घेऊन यायचे, यांना बघायचे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून दुसरीकडे वळायचे. एक जण तर उभ्यानंच जेवला. "केमिस्ट," ते मला म्हणाले होते, "खांबावर उंच चढलं ना, की खालचे आवाज बंद होतात. तसं झालं बघा. माणसं दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं."

पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं. त्यांच्या जागी ज्याला मिळालं तो दुचाकींच्या शोरूमचा मालक. तिकीट जाहीर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सावली आला. पहिल्यांदाच अर्धं पाऊल मागे न राहता समोर उभा राहिला.

"साहेब, मला तिकडे बोलावलंय."

"जा की."

"तुम्ही रागावला नाहीत ना?"

"रागावून काय करू? तुझ्या मागे घर आहे."

"तुम्ही अपक्ष उभे राहू नका साहेब. मला आकडे माहीत आहेत."

"आकडे तुला माहीत आहेत. माणसं मला माहीत आहेत," साहेब म्हणाले. सावलीनं वाकून नमस्कार केला आणि गेला. तो रडत होता, मी दुकानातून बघितलं.

साहेब अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं पंखा. वायरमनला पंखा मिळाला म्हणून गावभर विनोद झाले. त्यांनी दारोदार फिरून प्रचार केला. लोक प्रेमानं घरात घेत, पाणी देत, "तुमच्यासारखा माणूस नाही साहेब" म्हणत. निकाल लागला तेव्हा अनामत रक्कमही वाचली नाही. गावभर तर पडलेच, पण आमच्या गल्लीच्या मतदान केंद्रावरही ते मागे होते. ज्यांचे फ्यूज त्यांनी बसवले, त्यांनीही पंख्याचं बटण दाबलं नव्हतं.

ते त्यांच्या जिव्हारी लागलं. ते खिडकीशी बसून गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचे. हा असेल का? ही असेल का? न्हाव्याकडे जाणं सोडलं, बेकरीतून पाव आणणं सोडलं. माझ्याकडे ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला आले तेव्हा मला सरळ विचारलं, "तुम्ही कुणाला दिलंत?" मी म्हटलं, "तुम्हालाच साहेब." खरंच दिलं होतं. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं तोंड केलं, पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणल्या.

पुढे काय झालं ते त्यांनीच मला बऱ्याच काळानं सांगितलं. एका दुपारी ते जेवत होते आणि तोंडानं गल्लीतली घरं मोजत होते. कोपऱ्यावरचा शिंपी फितूर, त्याच्या वरचा पोस्टमन फितूर. वहिनी वाढत होत्या. त्यांनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "त्यात मलाही धरा."

"कशात?"

"मीही तुम्हाला मत दिलं नाही."

त्यांना वाटलं, थट्टा करते. "अगं, मी चेष्टेच्या मूडमध्ये नाही."

"मीही नाही. तुम्ही निवडून येऊ नये असं मला वाटत होतं. दहा वर्षं मी या घरात चहावाली म्हणून राहिले. आई गेली माझी, तेव्हा तुम्ही आलात ते वीस माणसं घेऊन. सगळे तुमच्याभोवती. मला तुमच्याशी एक शब्द बोलता आला नाही. लोकांना तुम्ही विचारत होता, आई कशा आहेत. मला नाही विचारलंत."

ते मग म्हणाले, "मग आधी बोलली का नाहीस?"

"कुठे बोलू? बाकावर नंबर लावून बसू?"

त्यांनी ताटातच हात धुतला. त्या दिवसापासून दोघांत अबोला सुरू झाला. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. त्यांना राग नव्हता, असं ते सांगतात. त्यांना बोलायला तोंडच राहिलं नव्हतं. त्याच सुमारास मुलीचं बाळंतपण आलं. ती लग्नानंतर दूरच्या शहरात नोकरीला. वहिनी तिच्याकडे गेल्या आणि बाळंतपण आटोपलं तरी परतल्या नाहीत.

मग साहेब त्या घरात एकटे राहिले. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या एकात एक रचून कोपऱ्यात उभ्या केल्या. दूध उतू जाऊन करपल्याचा वास माझ्या दुकानापर्यंत यायचा. कधी जुन्या कार्यकर्त्याला फोन लावायचे. तो म्हणायचा, "साहेब, मीटिंगमध्ये आहे, करतो परत." ते फोन हातात धरून बसायचे. मी पलीकडून बघायचो. तो फोन परत येत नसे. मधल्या काळात त्या कंपनीनंच काही कारणानं अंग काढून घेतलं, हॉस्पिटल जिथल्या तिथे राहिलं. त्याला नवा रंग लागला आणि पाटीवर निवडून आलेल्या शोरूमवाल्याचं नाव लागलं. साहेब गुडघा दाखवायला तिथे रांगेत उभे राहिले तेव्हा नव्या नर्सनं विचारलं, "आजोबा, नाव सांगा." त्यांनी सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली.

माजी आमदारांना प्रवासाचा पास मिळतो. एके दिवशी ते तो पास घेऊन राजधानीला गेले. अधिवेशन चालू होतं. प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या जुन्या बाकावर कुणी तरुण आमदार बसला होता आणि मांडीवर मोबाईल ठेवून बोटानं वर-खाली करत होता. कुणीतरी उभं राहून पाण्याबद्दल बोलत होतं. कुणी ऐकत नव्हतं. "मी तिथे कशाला गेलो होतो, मलाच कळेना," ते मला म्हणाले. "कुणीतरी वर बघेल, ओळखेल, असं वाटत होतं बहुतेक. मग वाटलं, आपण इथे बसलोय, आणि जिनं आपल्याकडे दहा वर्षं असंच बघत काढली ती भलत्याच गावात आहे."

ते घरी आले नाहीत. तिथूनच मुलीच्या शहराची गाडी पकडली.

मुलीनं दार उघडलं, कडेवर बाळ. गडबडून म्हणाली, "या ना साहेब, बसा."

"बाबा म्हण की गं."

तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणेन," ती म्हणाली, "पण सवय व्हायला वेळ लागेल हं." तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं, असं ते म्हणाले.

संध्याकाळी ते आणि वहिनी गॅलरीत उभे होते. खाली मुलं खेळत होती.

"घरी चल," ते म्हणाले.

"घरी काय आहे?"

"मी आहे."

"तुम्ही काय करता दिवसभर?"

"काही नाही. बसतो."

"मग मी येऊन काय करू? समोर बसू?"

"बोल. तुला बोलायचं होतं ना. मी ऐकतो."

"ऐकता तुम्ही सगळ्यांचंच," वहिनी म्हणाल्या. "मला ते कामाचं ऐकणं नको."

ते एकटेच परत आले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी रोज संध्याकाळी वहिनींना फोन करायला सुरुवात केली. पहिल्या पहिल्यांदा बोलणं दोन वाक्यांत उरकायचं. जेवलात का, जेवलो. बाळ काय म्हणतंय, झोपलंय. नंतर मी बघायचो, फोन कानाला लावून ते खोलीत येरझाऱ्या घालताहेत आणि मधूनमधून "मग?" एवढंच म्हणताहेत. एकदा मला ओरडून विचारलं, "केमिस्ट, कानाचं ऑपरेशन दुखतं का हो?" मी म्हटलं, "चांगलंच दुखतं." ते फोनवर म्हणाले, "दुखतं म्हणे." पलीकडून वहिनी काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण साहेबांनी कोपऱ्यातली एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

बाळ रांगायला लागल्यावर वहिनी परत आल्या. काही मोठं घडलं नाही. रिक्षातून उतरल्या, पिशव्या घेतल्या, आत गेल्या. दुसऱ्या दिवशी अंगणात दोरी बांधलेली दिसली आणि तिच्यावर साड्या.

आता दोघं संध्याकाळी फिरायला जातात. वहिनी बोलत असतात, हे ऐकत असतात. कधी दोघंही गप्प असतात आणि ती शांतता तितकीशी सुखाची नसते, हे लांबूनही कळतं. दहा वर्षांत दोघांनाही वेगवेगळं राहायची सवय झाली, ती एका छपराखाली आल्यानं जात नाही. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "चांगले आहेत हो. पण पाहुण्यासारखे वागतात. भाजी आवडली का विचारलं तर आभार मानतात."

साहेब हल्ली गोळ्या माझ्याकडूनच नेतात. मागच्या आठवड्यात दुपारी दुकानात बसले होते, गिऱ्हाईक नव्हतं. मी त्यांना विचारलं, "पुन्हा ती वेळ आली तर त्या हॉस्पिटलच्या ठरावाला हात वर कराल का?"

"नाही," ते लगेच म्हणाले. "ते बरोबरच होतं." मग रस्त्याकडे बघत बसले. "पण एक सांगू का केमिस्ट? गर्दीची सवय वाईट. अजून सकाळी दाराशी पावलं वाजली की माझा हात खुंटीवरच्या शर्टाकडे जातो. ही बघत असते.  मी शर्ट घालून बाहेर येतो तर पेपरवाला निघून गेलेला असतो."

"मग?"

"मग काय, शर्ट घातलाच आहे तर भाजी आणतो."

त्यांनी गोळ्यांची पुडी खिशात घातली आणि रस्ता ओलांडून घरी गेले.